घरच्या गिटार बैठकीसाठी कोणता स्पीकर घ्यावा?

घरी पंधरा-वीस माणसं जमवून गिटार आणि गाण्याची छोटी बैठक करायची ठरली की दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, "किती वॅटचा घेऊ?" दुकानदारही मोठा आकडा सांगून मोकळा होतो. मग घरात येतो चाकं आणि रंगीत दिवे असलेला एक ट्रॉली स्पीकर. त्यावर मोबाइलवरची गाणी दणक्यात वाजतात. पण गिटारची वायर खोचली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, गायक जरा मागे सरकला की शिट्टी वाजते आणि शेवटी बसलेल्या मावशींना गाण्याचे शब्द काही कळत नाहीत.

यात वॅट कमी पडलेले नसतात. तयार गाणी वाजवणं आणि समोर जिवंत वाजणारं वाद्य ऐकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बाजारातले बहुतेक स्वस्त स्पीकर पहिल्या कामासाठी बनवलेले असतात. दुसऱ्या कामासाठी तीन गोष्टी आधी बघाव्या लागतात: गिटारचा सिग्नल स्पीकर नीट घेतो का, तो लगेच बाहेर देतो का, आणि शिट्टी न वाजवता देतो का. वॅटचा नंबर त्यानंतर.

मुळात स्पीकर लागतो का?

हा प्रश्न दुकानात कुणी विचारणार नाही, म्हणून आपणच विचारलेला बरा. स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार प्लेक्ट्रमने जोरात वाजवली, तर १२ बाय १५ फुटांच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसांना ती सहज ऐकू येते. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया मोठ्या सभागृहांतही नुसती नायलॉनच्या तारांची गिटार घेऊन बसत असे. श्रोते शांत असतील तर हे वाद्य आपण समजतो त्याहून लांब पोहोचतं.

अडचण येते ती समतोलाची. बोटांनी अलगद वाजवणारा माणूस मोकळ्या गळ्याने गायला लागला की गिटार गाण्याखाली दबते. उलट, जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याचा गळा हळू असेल तर शब्द बुडतात. त्यात वर पंखा फिरत असतो, खालून रिक्षा जात असतात. गच्चीवर किंवा अंगणात बसलात तर आवाज परतवायला भिंतीच नसतात. अशा वेळी स्पीकर हवा, आणि त्याचं काम जो आवाज मागे पडतोय त्याला थोडा हात देण्याचं असतं.

तपासायची सोपी रीत अशी: मित्राला वाजवायला आणि गायला बसवा, तुम्ही शेवटच्या माणसाच्या जागी बसा, पंखा चालू ठेवा. शब्द आणि गिटार दोन्ही कानावर ताण न देता ऐकू आले तर पैसे वाचले.

गिटारचा सिग्नल नाजूक असतो

बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीखाली, म्हणजे सॅडलखाली, पिएझो पिकअप बसवलेला असतो. तारा थरथरल्या की त्यावर दाब पडतो आणि त्यातून अगदी थोडी वीज तयार होते. ही वीज म्हणजे उन्हाळ्यात झिरपणारी विहीर समजा. हळूहळू उपसलं तर पाणी पुरतं, मोठा पंप लावला तर तळ लागतो. स्पीकरच्या इनपुटला 'इम्पीडन्स' नावाचं एक माप असतं. ते जितकं कमी, तितका हा पंप मोठा. पिएझोवर कमी इम्पीडन्सचा पंप लावला की सिग्नल अशक्त होतो आणि सगळ्यात आधी जातो तो खर्ज. पत्र्याच्या डब्यातला आवाज येतो तो बहुतेक वेळा इथून.

माइकच्या इनपुटचं इम्पीडन्स काही हजार ओहम असतं, साध्या लाइन इनपुटचं साधारण १० हजार. गिटारला किमान १० लाख ओहम, म्हणजे १ मेगाओहम लागतं; पिएझोला त्याहून जास्त मिळालं तर उत्तमच. म्हणून स्पीकरच्या मागे 'गिटार', 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' असं लिहिलेलं इनपुट आहे का ते बघा. नुसता पाव इंची जॅक बसतोय, म्हणजे ज्याला दुकानात पी-३८ पिन म्हणतात ती आत जातेय, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. कराओके स्पीकरवर त्याच आकाराचं भोक माइकसाठी असतं.

तुमच्या गिटारच्या कडेला आवाजाचे खटके आणि आत ९ व्होल्टची बॅटरी असेल तर चिंता कमी. तिच्यातला प्रीॲम्प हा नाजूक सिग्नल आधीच सशक्त करून बाहेर पाठवतो आणि तो साध्या लाइन इनपुटलाही चालतो. फक्त वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवायची सवय लावा. अशा गिटारमध्ये वायर खोचली की प्रीॲम्प चालू होतो आणि खोचलेलीच राहिली तर बॅटरी उगाच उतरत राहते. बॅटरी नसलेला पिकअप असेल तर एक छोटा प्रीॲम्प किंवा डीआय बॉक्स मध्ये लावावा लागतो. महागडा स्पीकर घेण्याआधी हा डबा लावून बघा. कित्येकदा असलेल्याच स्पीकरचा आवाज सुधारतो.

गिटारला पिकअपच नसेल तर माइक लावायचा. तो आवाजाच्या भोकासमोर ठेवू नका, तिथे खर्ज घुमतो. जिथे मान गिटारच्या पोटाला मिळते त्या बाजूला, साधारण बाराव्या फ्रेटकडे रोखून, वीतभर अंतरावर ठेवा. आवाज नैसर्गिक येतो. पण हाच माइक शिट्टीलाही सगळ्यात लवकर बळी पडतो, म्हणून छोट्या खोलीत पिकअपची सोय असेल तर ती आधी वापरावी. घासाघीस करून घेतलेला कंडेन्सर माइक असेल तर त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. बॅटरीवर चालणाऱ्या बऱ्याच स्पीकरमध्ये तो नसतो, तेव्हा आधी विचारा.

इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी आहे. तिचा ओळखीचा आवाज निम्मा गिटारचा आणि निम्मा तिच्या ॲम्प्लिफायरचा असतो. गिटार ॲम्पमधला स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचे सूर फारसे बाहेर सोडतच नाही. तीच गिटार, विशेषतः डिस्टॉर्शन लावून, सगळे सूर सोडणाऱ्या साध्या स्पीकरला जोडली की आवाज करवतीसारखा कानात घुसतो. मध्ये ॲम्प आणि कॅबिनेटची नक्कल करणारं मल्टी-इफेक्ट पेडल लावावं, नाहीतर सरळ छोटा गिटार ॲम्पच घ्यावा. त्या ॲम्पमधून गाणं मात्र म्हणू नका. गळ्याला लागणारे वरचे सूर त्यात नसल्यामुळे गायक गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं.

ब्लूटूथ इथे चालत नाही

घरात ब्लूटूथ स्पीकर असतोच, म्हणून सुरुवात तिथून होते. फोनवर एखादं ॲप घ्यायचं, गिटार फोनला जोडायची आणि आवाज ब्लूटूथवरून स्पीकरवर पाठवायचा, अशी कल्पना सुचते. ती फसते ती उशिरामुळे. ब्लूटूथ आवाजाचे तुकडे करून, दाबून, पाठवून पुन्हा उलगडतं. या सगळ्याला साध्या स्पीकरवर १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात.

हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांत ६९ मीटर. तुम्ही खेळपट्टीवर उभे राहून तार छेडताय आणि तुमची गिटार सीमारेषेवर ठेवलेल्या स्पीकरमधून तुम्हाला ऐकू येतेय, असा तो प्रकार होतो. अशाने कुणालाही तालात वाजवता येणार नाही. १० मिलिसेकंदांचा उशीर मात्र साडेतीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्पइतकाच असतो. तेवढा सगळेच वादक सहन करतात.

तेव्हा गिटार आणि माइकला वायर वापरा. वायर पायात येते असं वाटत असेल तर गिटारसाठी वेगळे डिजिटल वायरलेस संच मिळतात, त्यांचा उशीर काही मिलिसेकंदच असतो. ब्लूटूथ ठेवा ते मागून वाजणाऱ्या ट्रॅकसाठी आणि मध्यंतरात चहा घेताना लावायच्या गाण्यांसाठी. त्या कामाला ते उत्तम आहे.

आता वॅट

खोक्यावरच्या आकड्यांपैकी 'पीएमपीओ' असं लिहिलेला आकडा वाचायचाच नाही. हजारो वॅटचे ते दावे क्षणभराच्या, प्रत्यक्षात कधीच न येणाऱ्या परिस्थितीचे असतात. 'पीक' हा आकडाही फुगवलेला असतो. 'आरएमएस' लिहिलेला आकडा धरा. तो कुठेच लिहिला नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दसपट करावे लागतात. म्हणून ५० ऐवजी १०० वॅटचा घेतला की आवाज दुप्पट होईल हा हिशेब खरा नाही. स्पीकर १ वॅटमध्ये १ मीटरवर किती डेसिबल देतो हा आकडा जास्त उपयोगी आहे. समजा तो ९२ आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ४ मीटरवर राहिले ८०. एका वॅटमध्ये शेवटच्या ओळीत ८० डेसिबल! घरच्या बैठकीला हे भरपूर झालं. खोलीत भिंतींमुळे थोडं जास्तच मिळतं.

मग एक वॅट पुरेल का? नाही, आणि तयार गाणी व जिवंत गिटार यांतला खरा फरक इथे दिसतो. स्टुडिओत तयार झालेलं गाणं दाबून सपाट केलेलं असतं. हळू भाग वर आणलेले, मोठे भाग खाली ओढलेले. समोर छेडलेल्या तारेचा पहिला टोला मात्र सरासरी आवाजापेक्षा १५ ते २० डेसिबल वर उसळतो. १५ डेसिबल म्हणजे सुमारे ३० पट वॅट, २० डेसिबल म्हणजे १०० पट. सरासरी एक वॅट वापरणाऱ्या गिटारला क्षणभरासाठी ३० ते १०० वॅट मागायचे असतात. ते मिळाले नाहीत तर प्रत्येक टोल्याला आवाज फाटतो, किंवा स्पीकरच्या आतलं सर्किट तो टोला दाबून टाकतं आणि गिटार निर्जीव वाटते. जो स्पीकर पार्टीत गाणी वाजवून इमारत हलवतो तो गिटारला का गुदमरतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

म्हणून माझं मत असं: गाणं आणि अकूस्टिक गिटार, माणसं पंधरा ते पंचवीस, जागा हॉल किंवा छोटी गच्ची, तर ३० ते ६० खरे वॅट पुरेसे आहेत. त्याच्या वर जे पैसे जातात ते चांगल्या माइकवर जाऊ द्या.

बाजारात काय काय मिळतं

अकूस्टिक ॲम्प हा या कामासाठीच बनवलेला प्रकार आहे. एक इनपुट गिटारला, एक माइकला, दोन्हींचे आवाज आणि सूर वेगळे जुळवता येतात. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी हा यातला जुनाजाणता नमुना: ६० वॅट, साडेसहा इंची वूफर, एक इंची ट्वीटर. त्याचीच 'मिनी चार्ज' नावाची आवृत्ती आतल्या बॅटरीवर चालते. रोलँडचा क्यूब स्ट्रीट रस्त्यावर वाजवणाऱ्यांसाठी बनवला होता. त्यात फक्त ५ वॅट आणि पेन्सिल सेलच्या आकाराच्या सहा बॅटऱ्या. आकडा ऐकून हसू येईल, पण दहा-बारा माणसांत अलगद वाजवणाऱ्याला तो पुरतो. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याने मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याचा मोठा भाऊ, क्यूब स्ट्रीट ईएक्स, ५० वॅटचा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे बॅटरीवरचे छोटे पीए स्पीकर. बोसचा एस वन प्रो किंवा जेबीएलचा ईऑन वन कॉम्पॅक्ट हे त्यातले परिचित. वजन सात-आठ किलो, आत छोटा मिक्सर, गिटार आणि माइक दोन्हींची सोय, आणि कंपन्यांच्या दाव्याप्रमाणे ११ ते १२ तास बॅटरी. आवाज मोकळा आणि समतोल येतो, गाण्याला विशेष चांगला. उद्या गिटारबरोबर कीबोर्ड आला, कुणी कविता वाचली, सोसायटीचा कार्यक्रम निघाला तर हाच उपयोगी पडतो. किंमत मात्र जास्त. फक्त स्वतःच्या गिटारपुरता हवा असेल तर अकूस्टिक ॲम्प, घरात सगळ्यांनी वापरायचा असेल तर हा, अशी मी तरी विभागणी करीन.

पार्टी स्पीकरबद्दल थोडं सांभाळून. जेबीएलच्या पार्टीबॉक्स मालिकेतल्या काही मॉडेलना खरंच गिटारचं वेगळं इनपुट असतं, तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये. पण या स्पीकरांचा घाट खर्ज फुगवण्याचा असतो, गिटार आणि गळ्याचे सूर वेगवेगळे जुळवण्याची सोय बेताची असते. घरात आधीच असेल तर खर्जाची वाढ बंद करून, दिवे विझवून जरूर वापरून बघा. नवीन घ्यायचा असेल तर पैसे दुसरीकडे लावा.

मंडपवाल्यांकडचे पोंगे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातले अहुजाचे संच दूरवर शब्द पोहोचवायला बनवलेले असतात. ते काम ते चोख करतात. घरच्या गिटारला त्यांची गरज नाही.

शिट्टी का वाजते

माइकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तो पुन्हा माइकमध्ये जातो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. हे चक्र एका सुरावर अडकलं की शिट्टी. अकूस्टिक गिटारमध्ये आणखी एक भानगड आहे. तिचं पोट म्हणजे एक पोकळ पेटी, आणि त्या पोकळीचा स्वतःचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. स्पीकरमधला खर्ज पोटावर आदळला की पेटी आपोआप घुमायला लागते, आणि शिट्टीऐवजी 'हूऽऽ' असा वाढत जाणारा घुमारा येतो. गळ्याच्या माइकची शिट्टी वरच्या सुरात, गिटारचा घुमारा खालच्या सुरात. ऐकून कळलं की अपराधी कोण ते सापडतं.

उपाय बहुतेक फुकटचे आहेत. स्पीकर वादकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. वादकाच्या पाठीमागे ठेवला तर तो थेट माइकच्या तोंडात ओरडतो. माइक ओठांजवळ घ्या, म्हणजे त्याचा आवाज कमी ठेवता येतो. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून जगभर गायकांच्या हातात टिकून आहे. त्यासारखे कार्डिऑइड माइक समोरचं चांगलं ऐकतात आणि बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी, म्हणून स्पीकर माइकच्या शेपटीच्या दिशेला हवा. माइकची जाळी मुठीत धरून गायची फॅशन आहे, तिने हा गुण नाहीसा होतो आणि शिट्टी वाजते.

गिटारच्या घुमाऱ्यावर आवाजाच्या भोकात बसवायची रबरी चकती मिळते. स्वस्त आहे आणि काम करते. स्पीकरवर किंवा गिटारच्या प्रीॲम्पवर 'फेज' नावाचं बटण असेल तर दाबून बघा. कधी कधी तेवढ्यानेच घुमारा थांबतो. आणि 'नॉच' असा खटका असेल तर तो नेमका घुमणारा सूर शोधून तेवढाच कापतो. खरेदीच्या वेळी ही दोन बटणं असणं, हे पन्नास जास्तीच्या वॅटपेक्षा मोलाचं आहे.

सतरंजीवर बसलेले कान

परदेशी माहितीपुस्तिकांत स्पीकर स्टँडवर, माणसाच्या डोक्याच्या वर ठेवायला सांगतात. तिथे श्रोते उभे किंवा खुर्चीवर असतात. आपल्या बैठकीत निम्मी माणसं सतरंजीवर. जमिनीवर बसलेल्या माणसाचे कान फरशीपासून दोन-अडीच फुटांवर येतात. पाच फुटांवरचा स्पीकर त्यांच्या डोक्यावरून निघून जातो आणि मागच्या सोफ्यावरच्यांना तेवढा झोंबतो. ट्वीटरचे बारीक सूर सरळ रेषेत जातात, शब्दांची स्पष्टता त्यांच्यावरच असते. स्पीकर स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवून जरासा मागे कलता करा, म्हणजे पुढचे आणि मागचे दोघंही त्याच्या टप्प्यात येतात. निवडताना स्पीकर असा कलता उभा राहतो का, हे बघून घ्या. काहींच्या तळाला त्यासाठी मुद्दाम तिरपा काप दिलेला असतो.

कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज दोन्ही भिंतींमुळे वाढतो आणि गिटारचा घुमारा लवकर सुरू होतो. भिंतीपासून हात-दोन हात पुढे घ्या. आपल्या घरांत फरशी, उघड्या भिंती, काचेच्या खिडक्या, म्हणजे आवाज परतवणारे पृष्ठभागच जास्त. पडदे ओढा, सतरंजी अंथरा, आणि वादकाच्या समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर फारच छान. रिव्हर्बचा खटका अशा खोलीत शून्यावर ठेवा. खोली तो फुकट देतेच आहे.

वीज, गुणगुण आणि इन्व्हर्टर

स्पीकर चालू केल्यावर ऐकू येणारी बारीक गुणगुण बहुतेकदा घराच्या वायरिंगमधून येते. अर्थिंग नसलेला प्लग, दोन वेगळ्या बोर्डांवर लावलेली उपकरणं, जवळच्या पंख्याचा रेग्युलेटर, मंद करायचे एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर, यांपैकी कुणीही कारण असू शकतं. सगळं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर लावणं हा पहिला उपाय. तिसरी पिन काढून टाकून गुणगुण थांबवण्याची युक्ती काही जण सांगतात. तसं कधीही करू नका. तारेला बोटं आणि माइकला ओठ लावलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

बॅटरीवरचा स्पीकर इथे फायद्याचा ठरतो. भिंतीशी संबंधच तुटला की बरीचशी गुणगुण जाते. वीज गेली तरी गाणं थांबत नाही, आणि स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प लावल्यावर येणारी घरघरही टळते. फक्त बॅटरी कोणत्या प्रकारची आहे ते विचारा. स्वस्त ट्रॉली स्पीकरमध्ये बऱ्याचदा शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली तर मरते, आणि घरचा स्पीकर नेमका तसाच पडून राहतो. लिथियमची असली तरीही दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करून ठेवा.

शेजाऱ्यांचा प्रश्न

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. म्हणजे रात्री दहानंतर हद्दीवर ५० डेसिबल. मीटरभर अंतरावरून चाललेलं साधं बोलणं ६०च्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. गच्चीवरची बैठक दहाच्या आत संपवायची किंवा स्पीकर बंद करून पुढे चालू ठेवायची, हे आधीच ठरवलेलं बरं.

भिंती आणि स्लॅबमधून खाली जातो तो मुख्यतः खर्ज. स्पीकर थेट फरशीवर ठेवला तर खालच्या मजल्याला तो वाद्याचा वाटत नाही, नुसता धबधब ऐकू येतो. स्टुलाखाली जाड रबर किंवा दुमडलेली गोधडी घाला. स्पीकरवर 'लो कट' असेल तर चालू करा. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली तरी ८२ हर्ट्झच्या आसपास असते. त्याच्या खाली गिटारचं काही नसतंच, तिथे फक्त पायाचे ठोके आणि माइकला बसलेले धक्के असतात.

दुकानात जाताना

स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळेच स्पीकर बरे वाटतात. दुकानदार मोबाइलवरून गाणं लावून दाखवायला लागला तर थांबवा. गिटार लावा, माइक लावा आणि दोन्ही एकदम चालू ठेवून एक पूर्ण गाणं म्हणा. मग मित्राला वाजवायला बसवून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जा, शब्द कळतात का ऐका. आवाज हळूहळू वाढवत शिट्टी कुठे सुरू होते ते बघा. तुम्हाला लागणाऱ्या आवाजाच्या बरीच पुढे सुरू झाली पाहिजे. सगळ्यात जाड तारेवर जोराने टोला द्या आणि आवाज फाटतो का ऐका. मुंबईत धोबी तलावला किंवा पुण्या-पणजीच्या वाद्यांच्या दुकानांत हे करू देतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहसा नाही. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत पाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी घरी ही परीक्षा करा.

उचलूनही बघा. आठ किलो कागदावर हलके वाटतात, तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना वाटत नाहीत. आणि बिल करण्याआधी विचारा की बॅटरी तीन-चार वर्षांनी बदलून मिळते का, कुठे मिळते, आणि चार्जिंगला लावलेला असताना स्पीकर वाजतो का.